गळ्याजवळचं बटण

देव घरी आहे असं धरून चालणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आम्ही बाकीचे सगळे देव गावाला गेलाय असं समजूनच वागतो. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे उपासनेला जातो, गुडघे टेकतो, मिस्सा संपली की दारातच एकमेकांच्या पोरींच्या लग्नाचं काढतो. हा मात्र पायरीवर चपला काढतानासुद्धा त्या चपलांचा आवाज होऊ देत नाही. का, तर "मालक घरमा शेतस."

आम्ही दोघं मूळचे पिंपळनेरकडचे, दोन सख्ख्या बहिणी केलेले, पोटासाठी भुसावळला आलेले. माझी ती थोरली, त्याची धाकटी. म्हणून तो मला नाना म्हणायचा आणि माझ्या बायकोला अक्का. मी चौथीतून शाळा सोडली आणि दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर हेल्पर म्हणून लागलो, तो रेल्वेत. मला जे वाटतं ते मी तोंडावर बोलतो, आणि तो जे मानतो ते अंगावर घेऊन फिरतो, एवढाच आमच्यातला फरक.

आधी त्याच्या स्वच्छतेचं सांगतो, कारण पुढे तिच्याशी गाठ आहे. हा माणूस लग्नाला जाताना पिशवीत स्वतःचा स्टीलचा ग्लास नेतो. दुसऱ्याने तोंड लावलेलं भांडं तीनदा घासलं तरी त्याला चालत नाही. प्रवासात फक्त केळी खातो, कारण सालीच्या आत हात लागतो तो आपलाच. नवा जावई म्हणून पहिल्यांदा सासरी आला तेव्हा सासऱ्याने साखर पाहायला त्याच्या कपातला एक घोट घेतला. हा उठला आणि भर उन्हात निंबाखाली जाऊन बसला. दुसरा चहा दुसऱ्या कपात येईपर्यंत आत आला नाही. आमची ही म्हणाली, "भाऊ, मग धाकटीचा मुका कसा घेता हो? आधी उकळून घेता का?" सासू पदर तोंडात कोंबून आत पळाली. पण सवय काही गेली नाही. स्वतःच्या नातवाचा उष्टा घास त्याने कधी खाल्ला नाही.

आता देवाचं. चर्चमध्ये वेदीच्या मागे पितळेची पेटी असते. मिस्सेत उरलेली पवित्र भाकर त्यात ठेवतात. भाकर म्हणजे रुपयाएवढी पांढरी पातळ चकती. शेजारी विजेचा लाल दिवा अखंड जळतो. दिवा जळतोय म्हणजे देव आत आहे, असं आम्हाला लहानपणी शिकवलं होतं, याने ते लक्षात ठेवलं. लाइट गेली की हा जेवता जेवता हात धुऊन उठायचा आणि मेणबत्ती घेऊन चर्चकडे पळायचा. "अरे, मिस्सा संध्याकाळी आहे." "नाना, मालक अंधारात बसलेत." आणि वर माझ्याकडे रागाने बघायचा, जणू अख्ख्या भुसावळचं बटण माझ्याच खिशात आहे.

एका उन्हाळ्यात कुणीतरी चर्चला मोठा कूलर दिला. भुसावळचा मे महिना म्हणजे तवाच. पहिल्याच रविवारी लोक घामाने निथळतायत आणि कूलर पेटीकडे तोंड करून गार वारा सोडतोय. फादरांनी विचारलं, कुणी फिरवला? हा उभा राहिला. "फादर, मंडळी तासभर बसतात. ते चोवीस तास." कूलर शेवटी तिरका ठेवला. अर्धा देवाला, अर्धा आम्हाला.

मी एकदा सरळ विचारलं. "अरे, पीठच ना ते? सिस्टरबाई मठात भाजतात, मी बघितलंय."

"मिस्सेच्या आधी पीठ. नंतर तो."

"दिसतं तर पिठासारखंच."

"दिसण्याचं काय घेऊन बसलात नाना? तुम्ही दिसता कसे आणि आहात कसे, ते अक्कालाच माहीत."

ही इतकी हसली की हातातली पोळी तव्यावर करपली.

रिटायर झाल्यावर फादरांनी त्याला आजाऱ्यांच्या घरी ही भाकर नेण्याचं काम दिलं. झालं, त्याचं सोनंच झालं. छोटी गोल डबी, ती कापडी पिशवीत, पिशवी गळ्यात, तिच्यावर शर्ट आणि शर्टाचं गळ्याजवळचं बटण बंद. बटण बंद असलं की हा कुणाशी बोलणार नाही. बरोबर मालक आहेत, त्यांच्यासमोर भाजीच्या भावावर काय बोलायचं? सगळ्या आळीला हे पाठ झालं होतं. बटण उघडं, तर साडू पाणी मागितलं तरी सोडणार नाही. बटण बंद, तर नमस्कारालाही नुसती मान हलवणार. एकदा चौकात नव्या पोलिसाने त्याची स्कूटर अडवली. लायसन कुठंय, कुठे निघाला, एकाही प्रश्नाला उत्तर नाही. याने छातीवर हात ठेवला आणि उभा राहिला. पोलीस धुळ्याकडचा होता. तो वैतागून म्हणाला, "मुका शे का रे हाऊ?" कोपऱ्यावरची भाजीवालीही तिकडचीच. ती ओरडली, "मुका नही दादा, त्याना खिसामा देव शे! दुपारले भेट, मंग तुना कान खाई टाकी." पोलिसाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा याच्या बटणाकडे, आणि हाताने जा म्हणाला.

मग आमच्या हिला घशाचा आजार झाला. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. बटण बंद करून हा रोज यायला लागला. आधी तिला पूर्ण चकती जायची, मग अर्धी, मग नखाएवढी. भात सुटला, दूध सुटलं, पण हे तिला हवं होतं. एके दिवशी ती त्याला म्हणाली, "भाऊ, मला उपाशी धाडू नका." मला नाही म्हणाली, त्याला म्हणाली.

त्या दुपारी तिला श्वासच जड होता. याने तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. "अक्का, ख्रिस्ताचं शरीर." ओठ हलले, आणि तेवढ्यात ठसका आला. मी तळवा पुढे केला. सगळं माझ्या हातात आलं. लाळ, रक्ताचा धागा, आणि त्यात तो पांढरा तुकडा. मी मोरीकडे वळलो. याने माझं मनगट धरलं. "नाना, थांबा." डबी काढायला बटण उघडलेलं होतं, पण डबीसमोर प्रार्थनेच्या शब्दांपलीकडे हा बोलला तो त्या दिवशी पहिल्यांदा. मग वाकला, माझ्या तळव्यावरचा तुकडा बोटाने उचलला आणि तोंडात घातला. माझ्या हातावर चार थेंब पाणी टाकलं आणि तेही पिऊन टाकलं. तोंड वाकडं केलं नाही की डोळे मिटले नाहीत. सासऱ्याच्या घोटासाठी उन्हात बसलेला माणूस हा.

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आपल्याला मिळालं नाही, हे तिला कळलं होतं. याने डबी पुन्हा उघडली, खसखशीएवढा कण मोडला, चमच्यातल्या पाण्यात सोडला. "अक्का, घाई नाही. मालकांनाही नाही." ती थांबली. आम्हीही थांबलो. बाहेर कुठेतरी गाडीची शिट्टी वाजली. मग तिचा गळा हलला. तिने डोळ्यांनीच सांगितलं, गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीही गेली.

फादर नंतर त्याला म्हणाले, तो तुकडा वाटीभर पाण्यात विरघळवून झाडाच्या मुळाशी घातलं असतं तरी चाललं असतं. हा म्हणाला, "वाटीत वाट बघायला ठेवू त्यांना?"

मी चर्चला जाणं सोडलं. गुडघ्यांचं निमित्त होतं, खरं म्हणजे रुसलो होतो. सांगायला लाज कसली? हा तरी दर रविवारी डबी घेऊन यायचा. मी म्हणायचो, "मला नको." तिच्या रिकाम्या खाटेसमोर थोडा वेळ बसायचा आणि उठून जायचा. तोंड न उघडणाऱ्या माणसाशी भांडण तरी कसं करायचं? पण तो गेला की माझा तळवा मला आठवायचा. पिठासाठी या माणसाने कुणाच्या उष्ट्याला बोट लावलं नसतं, एवढं मला कळतं. बाकीचं फादरांना कळत असेल.

आता त्याची बोटं आखडलीत. एका रविवारी सकाळीच हनुवटी वर करून दारात उभा. "नाना, बटण लागत नाही. धाकटी गाणाऱ्या बायांबरोबर आधीच गेली." मी लावून दिलं. मिस्सा आटोपून तासाभराने परत आला, मुकाट माझ्यासमोर उभा राहिला, आणि हनुवटी पुन्हा वर केली. लावलं होतं मी, आता काढायचं कुणी? मी काढलं. त्या चकतीसाठी तोंडही उघडलं.

तेव्हापासून तसंच चाललंय. नंतर तो माठातलं पाणी पितो, माठावर आमच्या हिचाच ग्लास असतो. पिशवीतला स्वतःचा काढायचं त्याला आठवत नाही, मीही आठवण करत नाही.

बटण काढताना मात्र मी जरा वेळ लावतो. त्याला वाटतं, माझीही बोटं आखडली. वाटू दे. तेवढा वेळ घरात कुणीतरी असतं.