साफ करायचं का, अण्णा?

आमच्या दुकानात पाहुणा आला की चहा येईपर्यंत एक किस्सा होतो. समोरचा हॉटेलवाला चहा फार उशिरा देतो, त्यामुळं आमच्याकडं किस्से फार झालेत! कर्नाटकाच्या सीमाभागात, बसवकल्याणात बसस्टँडच्या मागं कूलर आणि एसी दुरुस्तीचं आमचं दुकान. आमचं म्हणजे माझं आणि गुंडप्पा अण्णाचं. तो वयानं मोठा, तरी आमचं अरे-तुरेचं. अण्णा छातीच्या दुखण्यानं गेला. आता त्याचे किस्से मलाच सांगावे लागतात, आणि मला ते त्याच्यासारखे जमत नाहीत.

इकडं मोठ्या घरांना गच्चीवर एक दांडगा कूलर बसवतात आणि त्याची हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत नेतात. उन्हाळा मजेत जातो. पावसाळ्यात ओल धरली की डक्टमधून कुबट वास सुटतो आणि आम्हाला फोन येतो, "साफ करायचं का?" बहुतेकांना अण्णा एकच उत्तर द्यायचा, "नको!" असा धंदा करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

*

चिटगुप्प्याच्या एका अक्काचा फोन आला. "मन्याग गाळी अद, लगून बर्री!" म्हणजे घरात गाळी आहे, लवकर या. कन्नडमध्ये गाळी म्हणजे वारा, आणि गाळी म्हणजे भूतही! आम्ही वारा समजून शिडी घेऊन गेलो, तर दारात लिंबांची पिशवी घेऊन एक मांत्रिक बसलेला. अक्कानं दोघांनाही बोलावलं होतं.

डक्टमधून कुणी हुंदके द्यावेत तसा आवाज येत होता. अण्णा गच्चीवर चढला. पावसाळा म्हणून कूलर काढून ठेवला होता, पण डक्टचं तोंड उघडंच. त्यानं ते ताडपत्रीनं घट्ट बांधलं आणि आवाज बंद झाला.

"मग आतनं साफ न्हाई का करायचं?" अक्का म्हणाली.

"कामून? तोंड बांधलं, गाळी गेली."

मांत्रिक पिशवी आवरत म्हणाला, "मी बी तेच करतो अण्णा. मला फक्त लिंबं लागत्यात!"

*

एका रिटायर सरांना कुठल्याशा कंपनीनं मोबाइलवर फोटो पाठवला. काळाकुट्ट डक्ट, आत कोळ्यांची जाळी लोंबायलेली. खाली लिहिलेलं, 'तुम्ही हीच हवा घेताय!' सर दोन रात्री झोपले नाहीत.

अण्णानं फोटो जवळ धरून पाहिला. "सर, तुमचा डक्ट चौकोनी हाय. ह्यो गोल हाय. ही दुसऱ्या कुणाच्या घरची बिमारी हाय!"

तरीही सरांच्या समाधानासाठी तो शिडीवर चढला, जाळी उघडली, पांढरा रुमाल आत फिरवून त्यांना दाखवला. "येवढी धूळ तर तुमच्या पुस्तकांवर बी हाय." सर खूप हसले. अण्णाही हसायला लागला आणि त्या हसण्याचाच खोकला झाला. तो थांबेचना. सरांनी पाणी दिलं, मी पाठ चोळली. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो.

*

एकदा मात्र अण्णा "हो" म्हणाला. कमठाणा गावातलं एक घर. लहान पोरीला रात्रंदिवस दम लागायचा आणि डक्टला आतून खरंच बुरशी चढली होती.

"साफ करू," अण्णा म्हणाला, "पण आधी पाणी कुठनं यायलंय ते बघू. न्हाईतर दोन महिन्यांनी पुन्हा हेच."

मी त्याच्यासाठी चांगला मास्क आणला होता. त्यानं तो लावला, आत शिरला आणि दोन मिनिटांत मास्क बाहेर फेकला.

"अण्णा, काय करायलास? मास्क लाव!"

आतून आवाज आला, "ह्याच्यात वास येत न्हाई, मिलिंदा. ओल कुठं हाय, ते वासावरनंच कळतंय!"

नाकानंच त्यानं जागा शोधली. डक्ट स्लॅबमधून खाली येतो तिथली भेग. ती बुजवली, मग डक्ट साफ केला. पोरगी आता शाळेत कबड्डी खेळते. मी त्या दिवशी त्याला पाय धरून बाहेर ओढायला हवं होतं. ओढलं नाही. काम होतंय ना, म्हणून गप्प राहिलो. हे मी कुणाला सांगत नाही, आज सांगितलं.

*

डॉक्टरांनी हे काम बंद करायला सांगितलं तेव्हा वहिनींनी अण्णाची टॉर्च ज्वारीच्या डब्यात लपवली. अण्णा मोबाइलच्या उजेडात काम करून संध्याकाळी घरी गेला. जेवताना वहिनींना म्हणाला, "भाकरीला आज उजेड लई पडलाय!" वहिनी हसल्या नाहीत. ताट तसंच ठेवून उठून आत गेल्या.

*

बिदरच्या एका दवाखान्यात अण्णा होता. फुफ्फुसाभोवती पाणी साचायचं. दोनदा नळी घालून काढलं, दोन्ही वेळा पुन्हा भरलं. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "काका, अजून एकदा काढून बघू."

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. अण्णा खाटेवर उठून बसला. एक वाक्य बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं.

"डॉक्टरसाब, तुमच्या अप्पाला असं असतं... तर तुमी... पाणी काढलं असतं का?"

डॉक्टर फाइल चाळत राहिले. पानं संपली तरी वर बघेनात.

"कळलं," अण्णा म्हणाला आणि शर्टाची बटणं लावू लागला. वरचं बटण त्याला लागेना, ते मी लावलं. मला काही दिसत नव्हतं, तरी लावलं.

माझ्या खांद्याला धरून तो दारापर्यंत आला आणि थांबला. मला वाटलं, दम लागला. तो वॉर्डाच्या छतातल्या एसीच्या जाळीकडं बघत होता. मग मागं वळून डॉक्टरांना म्हणाला,

"हे मात्र साफ करून घ्या. हितं माणसं झोपत्यात."