मेंदूच्या वाटेवरचा नाका

भालकीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर. रेबीजची लस घेऊन डॉक्टर मॅडमबरोबर गावोगाव हिंडायचं. या कामात किस्से भटक्या कुत्र्यांसारखे मागं लागतात. एकाला हाकललं की दुसरा हजर!

*

एक अप्पा अडून बसले. "कुत्रं चांगलं खायलंय, भुंकायलंय. सुई कामून?"

मॅडम म्हणाल्या, "अप्पा, हा रोग चावल्या जागेवरून नसांतून मेंदूकडं जातो. तिथं पोचला की माझ्याकडं औषध नाही. लस आधी दिली, तर तो वाटेतच अडतो."

"म्हंजी हायवेवरचा नाका!"

"व्हय!"

"मग आमच्या मेव्हण्याला बी एक द्या. त्याच्या डोक्यात कायबी शिरायलंय!"

*

एका अक्काचं कुत्रं कुणाला हात लावू देईना. अक्कानं मला विचारलं, "तुमी सुई घेतलाव का?"

"व्हय, आमाला माणसांची वेगळी असती. ती घेतलीय."

अक्का कुत्र्याच्या कानाशी वाकली. "ऐकलास? सायबांनी बी घेतलीय. गप बस."

बसलं की हो!

*

एका गाईची लाळ गळत होती. "घशात ऊस अडकलाय," म्हणत मालक तोंडात हात घालणार, तेवढ्यात मॅडम अशा ओरडल्या, की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली! मालकाला आठवलं, महिन्यापूर्वी गाईला कुत्रं चावलं होतं.

गाय गेली. मॅडमनी घरच्या सगळ्यांना माणसांच्या दवाखान्यात पाठवलं. सगळी इंजेक्शनं झाल्यावर मालक मुद्दाम भेटायला आला.

"मॅडम, माय गेल्यापासनं माझ्यावर असं कुणी वरडलं नव्हतं."

*

मंठाळला एक पिसाळलेलं कुत्रं गल्लीत शिरलं. पोरं खेळत होती. शांताक्काचा राजा आणि शेजारच्या तुकारामचा मोत्या, दोघंही त्याच्यावर तुटून पडले. पोरं वाचली. पण दोन्ही कुत्र्यांना खोल चावे बसले.

राजाला दरसाल लस व्हायची. मोत्याला कधीच नाही. "माझा वाघ हाय, त्याला काय व्हतंय!" असं तुकाराम दर शिबिरात म्हणायचा.

मॅडमनी दोघांच्या जखमा धुवून घेतल्या, सुया दिल्या, वेगवेगळं बांधायला लावलं. राजावर दीड महिना नजर ठेवायची, मोत्यावर त्याहून बरीच जास्त. मोत्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "याला आधीची लस असती तर बरं झालं असतं."

काही आठवड्यांनी मोत्या पाणी सोडून बसला. मग मालकालाच ओळखेना. तुकाराम दाराआडून हाका मारत राहिला. मोत्या गेला.

राजाला काही झालं नाही.

पुढचं शिबिर बुद्धविहारासमोर लागलं. आमची गाडी थांबायच्या आधी रांगेत तुकाराम उभा होता, सगळ्यात पुढं. हातात नुसती साखळी.

"मॅडम," तो म्हणाला, "गल्लीतलं कोणतं कुत्रं आधी धरून आणू?"