फायनल लेसनला बसलेली पाच पोरं

"मॅडम, या पाचांना ग्राउंडवर पाठवून द्या. परीक्षक येऊन राहिले," हेडमास्तर म्हणाले.

मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळच्या एका हिंदी मीडियम शाळेत माझी बीएडची इंटर्नशिप सुरू होती. शेवटी फायनल लेसन असतो. तुम्ही शिकवता, कॉलेजचे परीक्षक मागे बसून मार्क देतात. त्याची एक रीतच पडलेली आहे. हुशार पोरं पुढे बसवायची, उत्तरं पाठ करून घ्यायची अन् कच्ची पोरं तेवढा वेळ बाहेर. खोटं कशाला बोलू, उत्तरं मीही पाठ करून घेतली होती.

ती पाच मोहगावकडची. घरी मराठी, शाळेत हिंदी, त्यात कापूस वेचायच्या दिवसांत शाळा बुडालेली. त्यांतली कोमल दप्तर उचलता उचलता म्हणाली, "मॅडम, आम्ही काय केलं?"

मला लाज वाटली. मी पांढुर्ण्याच्या शाळेत कायम पुढच्या बाकावर बसलेली पोरगी. बाहेर कोण जाते, हे कधी वळून पाहिलंच नव्हतं.

"सर, ते पाचही बसतील," मी म्हटलं.

"मार्क कटतील."

"कटू द्या."

सर तणतणत गेले. मी पाचांना परत बाकांवर बसवलं.

धडा अपूर्णांकांचा. घाबरून मी दुसरा प्रश्न सोडला अन् तिसरा विचारला, "एक बटा तीन मोठा की एक बटा चार?" पुढच्या रांगेनं एका सुरात दुसऱ्या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर ठोकलं, "आधा, मॅडम!" परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आमची चोरी पकडली गेली होती.

तेवढ्यात मागून कोमल मराठीतच बोलली, "तीनवाला मोठा. एक संत्रं तिघांत वाटलं त जास्त येते, चौघांत कमी."

मी फळ्यावर संत्रं काढलं. बाकीचा तास त्या पाचांनीच चालवला.

बॅचमध्ये सगळ्यात कमी मार्क माझे. शेरा होता, 'तयारी बनावट.' तो खराच होता.

"सांगितलं होतं न मी?" हेडमास्तर म्हणाले.

"हो सर. पण पुन्हा लेसन झाला तरी ते बसतीलच."

मी मार्कांना भिते, हे मला ठाऊक होतं. भिऊनही हटत नाही, हे तिथं कळलं.

आता मीच शिक्षिका आहे. इंटर्न आले की पहिल्याच दिवशी सांगते, "पटावर जेवढी नावं, तेवढी पोरं फायनलला बसतील. भेव वाटत असेल त दुसरी शाळा पाहा."