आवाज बराबर मूकजो

माझं गुजराती उत्तम आहे, असं बडोद्यात एकाच माणसाला वाटायचं. मला! त्या माणसाचं काय झालं ते सांगतो, पण आधी हातातला चहा खाली ठेवा.

लग्नानंतर मकरपुऱ्यात नोकरी लागली म्हणून मी साताऱ्याहून इकडे आलो. बायको जन्माची बडोद्याची, पण तिला शब्द विचारायचा? छे! काही मान असतो की नाही माणसाला?

शेजारच्या सरलाबेनच्या मुलाचं अमेरिकेत लग्न ठरलं. त्यांच्या सासूबाईंना, म्हणजे बांना, विमान झेपणार नव्हतं. मग बांनी नातवासाठी लग्नगीत म्हटलं आणि सरलाबेननी ते कॅमेऱ्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या सीडी घेऊन निघणार होत्या. सीडी कोण करणार? अर्थात मी! गल्लीत कॉम्प्युटर माझ्याकडेच होता.

कॅसेट देताना त्यांनी बजावलं, "भाई, बा गाय छे त्यां अवाज बराबर मूकजो, हं!"

बा गातात तिथला आवाज मूकजो. म्हणजे मूक करा. त्यात काय अवघड?

बा जरा बेसूर होत्याच. घरच्यांना संकोच वाटत असणार, मी समजून घेतलं. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणे आवाज घुमवता येतो, मागची कुकरची शिट्टीही गाळता येते. माझं फुकटचं. त्यात आवाज चढायचा, उतरायचा, नाहीतर बंद व्हायचा. बंद मात्र अगदी पक्का व्हायचा.

संध्याकाळी सरलाबेनकडे सगळे टीव्हीसमोर. पडद्यावर सरलाबेन म्हणाल्या, "हवे बा गाशे!" आणि बांचे ओठ हलू लागले. आवाज नाही.

बांनी कानातलं यंत्र काढलं, झटकलं, पुन्हा घातलं. "हाय हाय! मारा कान गया!"

"ना बा, अमने पण नथी संभळातुं!" आपल्यालाही ऐकू येत नाही, असं सरलाबेन ओरडल्या आणि टीव्हीला दोन चापट्या मारल्या.

"टीव्ही ठीक आहे," मी शांतपणे म्हणालो. "मीच मूक केलंय. तुम्हीच सांगितलंत ना?"

बायको कानाशी पुटपुटली, "अहो, मूकजो म्हणजे ठेवा!"

बांचे डोळे भरले होते. खरं सांगतो, फार लाज वाटली. तासाभरात मूळ कॅसेटवरून दुसरी सीडी केली, शिट्टीसकट.

सकाळी निघण्याआधी सरलाबेन ढोकळ्याचं ताट घेऊन आल्या. "भाई, क्यां मूकुं?"

मी तोंड न उघडता टेबलाकडे बोट दाखवलं.

आतून बायको म्हणाली, "वा! आवाज अगदी पक्का बंद झालाय!"