छापील चमत्कार

विश्रांतवाडीच्या दीपमाला शिरसाठ महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या, त्याच महिन्यात सासूबाईंचं, मार्थाबाईंचं, डावं अंग गेलं. निरोपाचा नारळ फोडायलाही सवड मिळाली नाही. त्याला आता चार वर्षं झाली. मार्थाबाईंची जीभ तेवढी शाबूत राहिली.

त्यांच्या चर्चच्या मंडळीच्या नाताळ अंकात दर वर्षी साक्षी छापतात, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते. साचा ठरलेला असतो. आधी डॉक्टर हात टेकतात, मग उपास, मग प्रार्थना, मग रिपोर्ट नॉर्मल. यंदा दीपमालाबाईंनी प्रथमच साक्ष लिहिली. एका सकाळी त्या सासूबाईंची वेणी घालत होत्या. "हात गारठलेत तुझे," म्हणत सासूबाईंनी उजव्या हाताने त्यांचा हात ओढून शालीत घेतला. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. त्या क्षणी खोलीत आणखी कुणीतरी होतं, एवढं लिहून त्या थांबल्या.

संपादक शांतवनराव साळवे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"बाई, यात प्रभू कुठंय?"

"शालीत."

"लोकांना दिसायला नको?"

"मला तरी कुठं दिसला? म्हणून तर लिहिलं."

"बरं. मी जरा हात फिरवतो."

त्यांच्या हाताला गुण होता. छापील अंकात मार्थाबाई ताडकन उठल्या, स्वयंपाकघरात चालत गेल्या आणि सुनेला चहा करून दिला. खाली ठळक अक्षरांत दीपमालाबाईंचं नाव.

छापलेलं आपलं नाव त्या पहिल्यांदाच बघत होत्या. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर अभिनंदन केलं तेव्हा त्या फक्त "छे, छे" म्हणाल्या. ते विनयात जमा झालं. पुढे बोलायला जागा होती, पण त्यांनी नाव छापलेला अंक पर्समध्ये नीट ठेवला.

घरी सासूबाईंना वाचून दाखवलं.

"चालले म्हणे मी? कुठवर?"

"स्वयंपाकघरापर्यंत. चहा केलात मला."

"मेल्याला काही कळतं का! धडधाकट होते तेव्हा कधी केला नाही, तो आता करीन?" मग सुनेकडे रोखून बघत त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस का कुणाला, खोटंय म्हणून?"

"सांगेन."

"सांगशील. छापलेल्या नावाची शाई उडाल्यावर."

मंगळवारी शांतवनराव एका बाईंना घेऊन आले. शैला भांबळ, बिबवेवाडीच्या. नवरा वर्षभर अंथरुणाला खिळलेला. त्यांनी बसता बसताच वही उघडली.

"ताई, त्या उठल्या तेव्हा कुठली प्रार्थना केलीत? शब्द तेवढे सांगा. फिजिओ बंद केलाय मी परवापासून. म्हटलं, विश्वास ठेवायचा तर अर्धवट कशाला?"

दीपमालाबाई उठून आतल्या दाराकडे वळल्या.

"आजी झोपल्या असतील, नंतर भेटू," शांतवनराव घाईघाईने म्हणाले.

"जाग्या आहेत," म्हणत दीपमालाबाईंनी आतलं दार उघडलं. "चादर ओली झालीय, बदलायचीय. या, पाय धरा."

शांतवनरावांनी पाय धरले, तोंड मात्र खिडकीकडे. मार्थाबाई म्हणाल्या, "इकडं बघ रे. तूच चालवलंस ना मला?"

शैलाबाईंनी त्या वळलेल्या पावलाकडे पाहिलं. वही टेबलावर ठेवली आणि पुढे आल्या. "असं नाही साहेब, कमरेखालून हात घाला. पाठ सोलते अशानं." आजींना त्यांनी एका दमात कुशीवर घेतलं.

"मी काहीच केलेलं नाही," दीपमालाबाई म्हणाल्या. "या उठल्या नाहीत. खोटं माझ्या नावावर छापलंय, आणि दोन दिवस मी ते मिरवलंय. शैलाताई, फिजिओला फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर."

शैलाबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि फोन काढला. पलीकडचा उचलेना. त्यांनी पुन्हा लावला.