मामा दुसऱ्याचं वाचत नाहीत

दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या फटीत बसवलेलं एक काउंटर. मागे स्टूल, डोक्यावर भिंगाचा दिवा, समोर हिरव्या रबराची चटई. गिऱ्हाइकाचा फोन हातात आला की मामा तो आधी त्या चटईवर पालथा घालायचे. पडदा बघावाच लागला तर गिऱ्हाइकाला जवळ बोलावून त्याच्यासमोर बघायचे. कॅमेरा चालतो का हे पाहायला चटईचाच फोटो काढायचे आणि तोही त्याच्या डोळ्यांदेखत पुसून टाकायचे. मध्येच एखादा मेसेज टुणकन वर आला तर चक्क मान फिरवून रस्त्याकडे बघत बसायचे. हा सोवळेपणा गल्लीभर प्रसिद्ध होता, आणि मामांना त्याचा अभिमान होता हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

तसे ते एकाच मुलीचे मामा, धाकट्या बहिणीच्या लेकीचे. पण ती लहान असताना दुकानात येऊन दिवसभर 'मामा, मामा' करायची, ते गल्लीने उचललं. आईवडील लवकर गेले. बहिणीला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं ते गेलंच.

बायकोमुलं नाहीत म्हटल्यावर माणसाला काहीतरी वेड लागतंच. मामांना लागलं होतं ते लोकांच्या फोनमधली भोकं बुजवायचं. फोन दुरुस्त करताना ते सल्ले फुकट द्यायचे, नको असले तरी द्यायचे. कुणी टॉर्चचं नवं ॲप दाखवलं की म्हणायचे, "टॉर्चला तुमचे फोन नंबर कशाला हवेत? अंधारात कुणाला फोन लावणार आहे का ती?" म्हातारपणीचा चेहरा दाखवणारं ॲप आलं तेव्हा तर ते खवळलेच होते. "म्हातारे व्हाल तेव्हा आरशात बघा की फुकट! आत्ताचा चेहरा कशाला देताय त्याला?" फोटो फुकट सांभाळणाऱ्या सेवेबद्दलही त्यांचं मत ठरलेलं होतं. फुकट देतोय म्हणजे काहीतरी नेतोय. लोक हसायचे, पण उघडा फोन निर्धास्त सोडून जायचे ते मामांकडेच.

एका सुट्टीच्या दिवशी ते बहिणीकडे जेवायला गेले होते. जेवणं झाल्यावर कोचावर बसून मामांचं प्रवचन सुरू झालं. विषय होता आपोआप पुसले जाणारे मेसेज. ती सोय चालू केली की लिहिलेलं आठवड्याभराने दोघांच्याही फोनमधून नाहीसं होतं, फोन चोरीला गेला तरी घरातल्या गोष्टी बाहेर जात नाहीत.

"नवराबायकोच्या मेसेजनासुद्धा?" बहिणीने विचारलं.

"नवराबायकोच्या तर सगळ्यात आधी," मामा म्हणाले, आणि दोघांचे फोन मागून घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने ती सोय चालू करून दिली.

मेव्हण्याला ते फारच पटलं. मेव्हणा मोठा गोडबोल्या. आवाज कधी चढायचा नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अडीअडचणीला सगळ्यात आधी हजर. "मामा, तुमच्यासारखा माणूस घरात हवा," असं म्हणून त्याने मामांना जिन्यापर्यंत सोडलं. मामा त्या दिवशी खूश होऊन घरी आले.

पुढे काही महिन्यांनी बहीण दुकानात आली. "दादा, हा मध्येच अडकतो रे. जरा बघ ना." फोन उघडा होता, मेसेजसुद्धा समोरच दिसत होते. मामांनी सवयीने तो पालथा घातला. तिने हात पुढे करून सरळ केला. मामांनी पुन्हा पालथा घातला.

"अगं, बंद करून द्यावा. तुमचं नवराबायकोचं मला कशाला?"

चार्जिंगची जागा ब्रशने साफ केली, बॅटरी तपासली, फोन परत दिला. "काही झालेलं नाही. ठणठणीत आहे." ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग गेली. त्यानंतर ती पुन्हा आली, आणखी एकदाही आली. तक्रार तीच, उत्तरही तेच. हिला फोन वापरता येत नाही, असं म्हणून मामांनी मनातल्या मनात तिची चेष्टाही केली. इतका शहाणा माणूस, पण बहिणीचा चेहरा वाचायलाही त्याने नकार दिला होता!

चौथ्या वेळी ती आली ती घरातल्या चपला घालून, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. नवरा तोंडाने काहीच बोलत नाही. पलीकडच्या खोलीत बसतो आणि लिहितो. ती घराबाहेर पडली तर पोरगी पुन्हा दिसणार नाही, तिला वेडी ठरवायला डॉक्टर तयार आहे, तिच्यावर विश्वास कोण ठेवणार, असं अधूनमधून काही ना काही. मग बाहेर येऊन हसत विचारतो, चहा घेणार का. तिला मुलीला घेऊन तिथून निघायचं होतं.

मामा त्याच दिवशी दुकान बंद करून तिला वकीलबाईंकडे घेऊन गेले. वकीलबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मेसेज दाखवा म्हणाल्या. फोनमध्ये होतं ते फक्त अलीकडचं, दूध आण आणि वीजबिल भर. बाकीचं सगळं आठवड्याआठवड्याने पुसलं गेलं होतं. वाईट काही लिहिलं की ते पुसलं जाईपर्यंत दहाबारा दिवस गप्प राहायचं, हे त्याला नेमकं जमलं होतं.

"तक्रार करता येईल," वकीलबाई म्हणाल्या, "पण मुलीचा ताबा मागायचा तर काहीतरी हातात हवं. तो किती भला माणूस आहे हे सांगायला सगळा शेजार उभा राहील. तुम्ही पाहिलेत का हो ते मेसेज? कधीतरी? तुमच्या डोळ्यांनी?"

मामांना वाटलं, हो म्हणावं. पण पुढचा प्रश्न काय लिहिलं होतं हाच असणार होता, आणि ते त्यांना माहीत नव्हतं. "नाही," ते म्हणाले. 

जिना उतरताना ती म्हणाली, "दादा, फोन कधी बिघडलाच नव्हता रे. मला तोंडाने सांगता येत नव्हतं. तुला दिसावं म्हणून आणत होते."

 मामांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मुलगी घरी होती, त्यामुळे बहिणीला परत जाणं भागच होतं. "निदान ती सोय तरी बंद कर," तिने फोन पुढे केला. मामांनी घेतला आणि तसाच परत दिला. बंद केली की त्याच्या फोनवरही ते झळकणार होतं. चालू करताना आपण हेही कौतुकाने सांगितलं होतं, हे त्यांना आठवलं. लपवाछपवी काही नाही, दोघांनाही कळतं, असं ते म्हणाले होते.

तिचा फोन नवरा चाळायचा, म्हणून मग त्यांनी दुकानातला एक जुना फोन नीट करून तिला दिला. मेसेज आला की या फोनने त्याचा फोटो काढायचा, मला पाठवायचा, आणि हा फोन चपलांच्या खोक्यात तळाशी ठेवायचा. मामांचा सल्ला पहिल्यांदाच कुणी निमूटपणे ऐकला.

दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी काउंटरवर एक मास्तर फोनची काच बदलून घ्यायला उभे होते, तेव्हा मामांचा फोन वाजला. फोटो तिरका होता. कोपऱ्यात बहिणीचा अंगठा आला होता, वरून ट्यूबलाइटची चकाकी पडली होती. मामांची मान सवयीने रस्त्याकडे वळली. त्यांनी ती परत आणली आणि वाचलं.

'भावाकडे जाऊन आलीस ना? जात जा. त्याच्याकडून काहीतरी शीक. दुसऱ्याच्या भानगडीत कधी नाक खुपसत नाही. हे मेसेज पुसायचंसुद्धा त्यानेच शिकवलं मला. पण पुढच्या वेळी न विचारता गेलीस तर पोरीला गावी पाठवीन आणि तू इथे एकटी बसशील.'

उत्तर द्यायचं नव्हतं. काहीच करायचं नव्हतं, फक्त जपून ठेवायचं होतं. मामांनी तो फोटो ठेवला, त्याची आणखी एक प्रत वेगळीकडे ठेवली, वकीलबाईंना पाठवला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

"मामा, माझा फोन कधी मिळेल?" मास्तरांनी विचारलं. मग त्यांच्याकडे बघून हसत म्हणाले, "काय हो, आज तुम्हीच मेसेज वाचत बसलात?"

"बहिणीचं आहे," मामा म्हणाले.