आधी वितळू द्या

"आधी वितळू द्या, मग बोलू."

असं म्हणून आपा समोरच्या ताटलीवर हाताचा पंजा आडवा धरायच्या. टेकवायच्या नाहीत, नुसता वर धरायच्या, जणू ताटलीत कोणी झोपलंय आणि समोरचा माणूस त्याला उठवायला आलाय. ताटलीत असायचा एखादा गोठलेला रोल, बटाट्याच्या चार कांड्या, नाहीतर दगडासारखा टणक कबाब. समोरचा माणूस नेहमी घाईत असायचा. आपांना घाईत मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हाही त्या बसूनच होत्या.

तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल. सगळे ज्याच्या टेबलापाशी येऊन थांबतात आणि जे सहसा खुर्चीतून उठत नाही.

आमचं ऑफिस स्वारगेटच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या देशातून लोक माल मागवतात, तो कस्टममधून सोडवून द्यायचा धंदा. माल सोडवायचा तर आधी त्याला सरकारी नाव द्यावं लागतं. कुठला चॅप्टर, कुठला नंबर. त्यावर ड्यूटी ठरते. आमच्याकडे गोठवलेलं तयार खाणं जास्त यायचं, आणि त्याचं नाव ठरवणं हे आपांचं काम. माझं काम फ्रीजर सांभाळायचं. बंदराहून थर्मोकोलच्या डब्यात सॅम्पल आलं की उतरवून घ्यायचं, चिठ्ठी लावून आत ठेवायचं, आपा म्हणतील तेव्हा काढून द्यायचं. सातवीतून शाळा सुटलेल्या बाईला पुण्यात यापेक्षा बरं काम कोण देणार होतं? मी चंद्रपूरकडची. मुलगा गावी, माझ्या आईजवळ. त्याची शाळा, आईचं औषध, सगळं त्या फ्रीजरवर चालायचं, म्हणून मी दिवसभर त्याच्या लाल दिव्याकडे बघत बसायची. जेवताना उठून बघायची. कात्रजच्या खोलीवर पोचल्यावरही वाटायचं, झाकण नीट लावलं ना? मग वॉचमनला फोन.

पहिल्याच आठवड्यात आपांना विचारलं, "आपा, लाइट गेली तं?"

"जाईल."

"मग माल खराब होईल नं."

"झाकण उघडून बघत बसलीस तर होईल. नाहीतर संध्याकाळपर्यंत काही होत नाही." चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू स्वतःच बर्फासारखी कडक होऊन बसली आहेस. चहा घे. आधी वितळ, मग बोल."

आपा कसब्यातल्या. चार पिढ्यांपासून तिथेच. खाली भावाचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान, वर घर. मराठी अशी की ळ आणि ण ठणठणीत ऐकू यावेत. फोनवरचे लोक त्यांना हमखास देशपांडे नाहीतर कुलकर्णी समजायचे. एक गृहस्थ बरेच महिने "नमस्कार, देशपांडेबाई आहेत का?" म्हणून विचारायचे. आपा "बोलतेय" म्हणायच्या. एकदा ते प्रत्यक्ष आले, डोक्यावरची ओढणी बघून गोंधळले. आपा म्हणाल्या, "बसा. देशपांडेबाई आज मीच आहे."

त्यांची ताटलीही भावाच्याच दुकानातली. तांब्याची, आतून कल्हई केलेली. ऑफिसने स्टीलची आणून दिली होती, ती त्यांनी बिस्किटांना लावली. तांब्यावर बर्फ लवकर सुटतो म्हणायच्या. सॅम्पल वितळलं की दोन सुया आणि छोटा चिमटा घेऊन ते उकलायच्या. पारी इकडे, भाजी तिकडे, मांस वेगळं. प्रत्येक ढीग सोनाराकडे असतो तशा काट्यावर.

मला त्यांनीच समजावलं. पुस्तकातलं नाही, आपलं साधं. मांस किंवा मासळी वजनात वीस टक्क्यांच्या वर गेली की पदार्थ सोळाव्या चॅप्टरमध्ये, मांसमासळीच्या घरात. खाली राहिली की पीठ, भाजी यांच्या घरात. बटाटा नुसता वाफवून गोठवला तर तो सरकारच्या लेखी भाजीच. एकदा तेलातून काढला की त्याचं घराणं बदललं. म्हणून फ्रेंच फ्राइजचं पाकीट आलं की आपा आधी एक कांडी टिपकागदावर दाबून तेलाचा डाग बघायच्या.

"आणि मोमो?" मी विचारलं.

"मोमोला माफी आहे. आत कितीही कोंबडी भर, तो शेवयांच्या नात्यातला. पुस्तकात तसं लिहिलंय."

"हे कोणी ठरवलं?"

"ज्याने मोमो खाल्ला नसेल त्याने," आपा म्हणाल्या आणि चिमटा पुसायला लागल्या.

रोजे असले की त्या तशाच येऊन तसंच काम करायच्या. पाणीही नाही, आणि समोर दिवसभर खाणं. मला कसंतरी व्हायचं. मी एकदा खिडकी उघडायला गेले, वास जाईल म्हणून. "राहू दे," म्हणाल्या, "मी याच्याकडे खाणं म्हणून बघतच नाही. आणि खिडकीच्या वाऱ्याने माझा काटा हलतो."

आता ती कोळंबीची गोष्ट सांगते.

हिंजवडीतल्या कंपन्यांच्या कॅन्टीनला माल पुरवणारा एक तरुण मुलगा आला होता. पहिलाच कंटेनर. कोळंबीचे रोल, बाहेरून पातळ पारी, आत कोबी, गाजर आणि कोळंबी. पायाने सारखी खुर्ची हलवत बसला होता. "मॅम, जस्ट रफ आयडिया द्या ना, वीसच्या वर की खाली?"

"रफ आयडिया तुम्हाला शेजारी मिळेल, झेरॉक्सवाल्याकडे," आपा म्हणाल्या आणि ताटलीवर पंजा धरला. "आधी वितळू द्या."

वितळलं, उकललं, मोजलं. कोळंबी अठराच्या आसपास. आपांनी तीनदा मोजलं, तीन वेगळे रोल. सही केली. मुलाने कस्टमच्या कागदावर तसंच लिहून दिलं.

पुढे कस्टमवाल्यांनी स्वतः वेगळं सॅम्पल काढून त्यांच्या लॅबला पाठवलं. तिथे कोळंबी वीसच्या चांगलीच वर निघाली. कंटेनर अडकला. ड्यूटी वाचवायला खोटं सांगून माल आणला, असा त्या मुलावर ठपका यायची वेळ आली.

साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. पण अडचणीत आला की आधी दरवाजाजवळचं माणूस बघायचा.

"त्या आठवड्यात लाइट गेली होती ना दुपारी?"

"हो साहेब. पण मी झाकण नाही उघडलं. वरून गोधडी टाकली होती."

"तुला कसं कळणार आत काय झालं? सॅम्पल पाघळलं असणार, पाणी सुटलं असणार. आपण कळवून टाकू की स्टाफकडून हलगर्जी झाली. आणि मग..." ते थांबले. पुढचं मला कळलं. हलगर्जी झाली म्हटल्यावर ती करणारीला ठेवून कसं चालेल?

 खरं सांगते, मला तेव्हा वाटायला लागलं होतं की झाकण उघडलंच असेल मी. सवयच होती ना उठून बघायची. बाहेर येऊन फ्रीजरजवळ उभी राहिले आणि डोक्यात हिशेब नाही, एकच चित्र: माझा मुलगा गावच्या शाळेच्या दारात उभा आहे आणि आत जात नाही.

साहेब मागोमाग बाहेर आले आणि आपांनाही तेच सांगितलं, हळू आवाजात, जवळ वाकून. त्यांना वाटलं असेल आपांना बरं वाटेल. आपांचं नाव वाचत होतं त्यात. फ्रीजर बंद पडला, बाई अडाणी, मोजणाऱ्याचा काय दोष?

आपांनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "अगं, त्या लॉटचे रोल उरलेत ना? दोन काढ. आणि सुरी."

ताटली मी पुढे केली. त्यांनी एक रोल तिच्यावर ठेवला. दुसरा हातात घेतला, आणि सुरीचं टोक त्यात खुपसून बघायला लागल्या. थोड्या वेळाने पुन्हा. सुरी आत शिरायला लागली तसा तो त्यांनी घाईघाईने चिरला, आतला बर्फ अजून चमकत होता, आणि बोटांनीच कोळंबी उपसायला लागल्या. चिमट्याने जमेना. बोटं लालभडक झाली. याच वेळी मी त्यांना घाईत पाहिलं. मी म्हटलं, "आपा, मी करू का?" त्यांनी मान हलवली. काट्यावर टाकलं. वीसच्या वर.

मग सगळे बसून राहिलो ताटलीतला रोल वितळायची वाट बघत.  साहेब दोनदा फोन घ्यायला गेले आणि दोनदा परत आले. रोल पूर्ण वितळला, आपांनी नेहमीसारखा सुयांनी उकलला. पुन्हा अठरा.

त्यांनी पारीचा तुकडा उचलून साहेबांच्या हातावर ठेवला. जड झाली होती, पाणी पिऊन.

"कोळंबी वितळताना पाणी सोडते. पारी पातळ, ती पिऊन घेते. कोबी पितो. कोळंबी हलकी होते," आपा म्हणाल्या. "कबाबाला माझी रीत चालली, म्हणून मी ती सगळ्यांना लावली. फ्रीजर ठीक आहे. ही बाई ठीक आहे. तो पोरगाही खोटा नाही. माझी चूक आहे. तसं लिहून देते."

"आपा, ते आपल्या आपल्यात ठीक आहे. लेखी कशाला देता?" साहेब म्हणाले.

"तोंडी चूक कस्टमवाले कुठल्या नंबरखाली घेणार?"

लेखी दिली. स्वतः जाऊन अधिकाऱ्यांसमोर दोन्ही रोल पुन्हा करून दाखवले. सुटायला वेळ लागला, पण माल सोळाव्या चॅप्टरमध्ये गेला, मुलाने फरकाची ड्यूटी भरली आणि त्याच्यावरचा ठपका टळला. तो पेढे घेऊन आला होता. आपा त्याला म्हणाल्या, "पुढच्या वेळी मोमो मागवा. सगळ्यांनाच सोपं."

माझं काम राहिलं. साहेब मला काही बोलले नाहीत, आणि त्या न बोलण्यालाही मी बरेच दिवस घाबरले.

आपांकडे मात्र फायली कमी यायला लागल्या. कोणी काढलं नाही त्यांना. आधी एक पार्टी दुसऱ्याचं मत घेऊ म्हणाली, मग साहेबच म्हणायला लागले. आपा दुपारी ताटली पुसून ठेवायच्या आणि ती तशीच कोरडी राहायची. एका शनिवारी ती त्यांनी ओढणीच्या टोकाने पुसून पिशवीत टाकली. मला म्हणाल्या, "सुरी टोचून बघायची. सुरी आत गेली पाहिजे आणि पाणी सुटलेलं नको. तेवढ्यात उघडायचं. नव्या माणसाला सांग." सोमवारी खुर्ची रिकामी.

नवा माणूस हुशार आहे. त्याला मी सांगितलं, त्याने लगेच ऐकलंही. आता कोळंबीचं काही आलं की सुरी मीच टोचते. बोटं बधिर होतात.

आपाही आता कसब्यात नाहीत. मुलीने त्यांना आपल्याकडे नेलं, लांब, विमानाने जावं लागतं तिथे. जायच्या आधी रोज्यांच्या दिवसांत त्यांनी मला इफ्तारला बोलावलं होतं. मी गेले. जाताना बसमध्ये सगळं मनात जुळवून ठेवलं होतं: आपा, तुम्ही त्या दिवशी फ्रीजरवर ढकललं असतं तर मी आज गावी असते, माझा मुलगा... असं. कात्रजपासून कसब्यापर्यंत तेच घोकत होते, आणि वर मन सारखं पुढे धावत होतं, की परतीची बस चुकली तर? त्यांना वेळ नसला तर? मला रडू आलं तर?

जिना चढून गेले. त्यांनी खजूर दिला. अजान झाली, त्यांनी पाणी घेतलं. मग आतून समोसे आले, कढईतून थेट. ताटली मी लगेच ओळखली. कडेला सुईचा ओरखडा होता तो आमच्या ऑफिसचा. मी बघतेय हे त्यांनी पाहिलं. "कल्हई नवी करून घेतली आहे," म्हणाल्या, "बिनधास्त खा."

मला तेव्हाच बोलायचं होतं. नंतर धीर झाला नसता. मी एका हाताने समोसा घ्यायला गेले आणि तोंडाने, "आपा, त्या दिवशी..." एवढं म्हटलं.

त्यांनी ताटलीवर पंजा आडवा धरला. टेकवला नाही, नुसता वर धरला. समोशाची वाफ त्यांच्या बोटांमधून वर येत होती.

"भाजशील," आपा म्हणाल्या. "आधी निवू दे, मग बोलू."

समोसे निवले. आम्ही खाल्ले. आत खिमा भरपूर होता, मला न मोजता कळलं. मग माझी बस होती.